भंगार नव्हे, टर्मिनल!

कॉलेजात दर एक-दोन वर्षांनी एक ठरलेला कार्यक्रम होतो. डेडस्टॉक रजिस्टर कपाटातून बाहेर येतं, लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसींवर खडूने नंबर पडतात, निर्लेखनाची फाईल वर जाते, सह्या होऊन खाली येते आणि एक दिवस टेम्पो दारात उभा राहतो. सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं किलोच्या भावात! आता या कार्यक्रमाला आणखी जोर येणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जे बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं. म्हणजे काल-परवापर्यंत धडधाकट असणारे पीसीसुद्धा आता रजिस्टरमध्ये 'जुने' म्हणून बसणार.

माझं म्हणणं साधं आहे. त्या टेम्पोत सगळं चढवण्याआधी त्यातले चार-पाच पीसी बाजूला काढा, त्यांच्यावर एक चांगलं टर्मिनल इम्युलेटर टाका आणि ते पोरांच्या हाती द्या. खर्च जवळजवळ शून्य, आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते नव्या लॅपटॉपवर सहजासहजी मिळत नाही. आपल्याकडं म्हातारा झालेला बैल कुणी नांगराला जुंपत नाही, पण हलकं काम त्याला सांगतातच की! पीसीचंही तसंच आहे. त्याला व्हिडिओ बघायला लावू नका, त्याला अक्षरांचं काम द्या.

आता टर्मिनल म्हणजे काय, ते थोडक्यात बघू. एकेकाळी कॉम्प्युटर एकच असायचा आणि माणसं अनेक. प्रत्येकासमोर फक्त पडदा आणि कीबोर्ड असायचा, विचार करायचं काम दूरच्या मोठ्या मशीनचं. अमेरिकेतल्या डेक कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी १०० नावाचं टर्मिनल आणलं. ८० अक्षरांच्या २४ ओळी, बस्स! पण पडदा पुसायचा कसा, कर्सर कुठं न्यायचा, अक्षर ठळक कसं करायचं, यासाठी त्याने एस्केप या अक्षराने सुरू होणाऱ्या आज्ञांची जी पद्धत रुजवली, ती आजही लिनक्सची प्रत्येक काळी खिडकी पाळते. टर्मिनल इम्युलेटर म्हणजे आपल्या पीसीला 'तू आता व्हीटी १०० आहेस' असं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. सोंगच, पण फार कामाचं.

ही काही परदेशी गोष्ट नाही. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण दिल्लीत १९८५-८६ च्या सुमारास सुरू झालं आणि मग देशभर पसरलं. त्या खिडकीमागच्या बाबूंसमोर कितीतरी वर्षं असलेच मुके टर्मिनल होते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त खातं म्हणजे शेल खातं होतं. डॉसवर टेलिक्स किंवा प्रोकॉम उघडायचं, मोडेमचा किर्रर्र आवाज ऐकायचा, आणि मग काळ्या पडद्यावर पाइनमध्ये ई-मेल आणि लिंक्समध्ये वेबसाइट वाचायची. चित्र नाही, माउस नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांच्या एका अख्ख्या पिढीने इंटरनेट पहिल्यांदा बघितलं ते टर्मिनल इम्युलेटरमधून.

"हे सगळं झालं इतिहासाचं, आज त्याचं काय?" असं कुणी म्हणेल. तर आपल्याच भागात फिरून बघा. हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर चढते. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या इंडिकेटरला सहसा एक आरएस-२३२ पोर्ट असतो. त्यातून वजनाचे आकडे साध्या अक्षरांत बाहेर पडतात आणि पीसी ते वाचून पावती छापतो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जिथं संगणक बसलाय, तिथंही वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र बहुधा सिरियल केबलनेच पीसीला जोडलेलं असतं. शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा त्या केबलमधून येणाऱ्या आठ-दहा अक्षरांवर ठरतो! ती अक्षरं खरोखर काय येतात हे बघायचं असेल, तर टर्मिनल इम्युलेटरइतकं सरळ साधन दुसरं नाही. आपल्यातल्या कितीजणांनी ते एकदा तरी उघडून बघितलंय?

वारणेचं उदाहरण इथं आठवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे ७० गावांत साखर कारखान्याशी जोडलेले संगणक बसले. मोठमोठी स्वप्नं होती, पण शेतकऱ्याला मुख्यतः हवं होतं ते एवढंच: माझा ऊस किती गेला, पैसे किती जमा झाले. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी तिथं ७ गावांत एक प्रयोग केला आणि पीसीच्या जागी मोबाईलवरचा एसएमएस वापरून हेच काम भागवलं. माझ्या मते यातला धडा असा, की काम जर दोन ओळींच्या अक्षरांचं असेल तर त्याला दोन ओळींपुरतं साधन पुरतं. मशीन जुनं की नवं हा प्रश्नच नाही. काम काय आहे, हा प्रश्न आहे.

आता आपल्या लॅबकडे या. ईअँडटीसीवाल्यांना ८०५१ चा सिरियल पोर्टचा प्रॅक्टिकल असतो. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना राउटर किंवा स्विचच्या कन्सोलवर जायचं असतं, तिथं बहुतेक वेळा ९६०० चा वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही सेटिंग लागते. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून पोरं बाजारातून स्वस्तातली यूएसबी केबल आणतात. इथून खरी कटकट सुरू होते. या केबलमधली चिप अनेकदा नकली असते. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हर अपडेटने नकली चिपा निकामी केल्याचं प्रकरण जगभर गाजलं होतं. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हरही जुन्या आणि नकली चिपांना दारातच उभं करतात. मग सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलभर फिरून "भावा, तुझी केबल चालते का?" असं विचारत बसायचं. प्रोग्रॅम बरोबर, सर्किट बरोबर, आणि केबल दगाबाज!

याउलट दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पीसीच्या मागं नऊ पिनांचा खरा पोर्ट असतो. त्याला वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. जुन्या ८२५० चिपवर येणारं प्रत्येक अक्षर लगेच उचलावं लागायचं, नाहीतर ते हरवायचं. पुढच्या १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग आली आणि ती अडचण बरीच सुटली. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोरच्या मशीनवर अनुभवणं वेगळं. ८०५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का लावतात, १२ चा का नाही, हा ओरलचा आवडता प्रश्न. पीसीवर ९६०० ठेवा आणि १२ चा क्रिस्टल लावून बघा. टायमरमध्ये तोच आकडा ठेवला तर वेग सुमारे १०,४१७ होतो, म्हणजे साधारण ८.५ टक्के चूक, आणि पडद्यावर कचरा उमटतो. एकदा हा कचरा डोळ्यांनी बघितला की उत्तर पाठ करावं लागत नाही.

मग सॉफ्टवेअर कुठलं? इथं आपल्याकडं फार गोंधळ आहे. पहिली सवय म्हणजे हायपरटर्मिनल शोधत बसणं. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत ते सोबत यायचं. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ते काढून टाकलेलं होतं. तरी आपली पोरं कुठल्यातरी पेनड्राइव्हवरून त्याच्या दोन फायली कॉपी करून आणतात, आणि त्यासोबत व्हायरसही घेऊन येतात. दुसरी सवय म्हणजे 'फ्री डाउनलोड' असं लिहिलेल्या पहिल्या साइटवर क्लिक करणं. दोन्ही सवयी सोडा. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझं मशीन कोणतं? त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? आणि समोरच्या टोकाला कोण आहे, कुठलं बोर्ड, लिनक्स सर्व्हर, की आयबीएमचा मेनफ्रेम? कारण मेनफ्रेमला ३२७० चं सोंग लागतं, तिथं व्हीटी १०० चालत नाही. पुण्याच्या आयटी कंपनीत मेनफ्रेमच्या प्रोजेक्टवर गेलेल्या सीनियरला विचारा, तो सांगेल.

मशीन अगदीच पुरातन असेल, म्हणजे डॉसच्या जमान्यातलं, तर एमएस-डॉस केरमिट घ्या. केरमिट १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जन्मलं, आणि नाव ठेवलं टीव्हीवरच्या एका बाहुल्या-बेडकाचं! पहिल्या पिढीच्या पीसीवरही ते चालतं, फ्लॉपीत मावतं आणि व्हीटी ३२० पर्यंतची सोंगं घेतं. डॉसच नसेल तर फ्रीडॉस फुकट मिळतं. त्याची १.४ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, म्हणजे हे काम अजून जिवंत आहे.

मशीनवर विंडोज ९५ किंवा ९८ असेल, तर जपानच्या ताकाशी तेरानिशी यांनी लिहिलेलं टेराटर्म प्रो २.३ उत्तम. एक्सपी असेल तर त्याचीच ४ च्या मालिकेतली आवृत्ती, किंवा सायमन टॅथम यांचं पटी. पटीमध्ये सिरियलची सोय २००७ मध्ये ०.५९ या आवृत्तीत आली, म्हणून त्याहून जुनी प्रत सिरियलसाठी घेऊ नका. लिनक्स टाकायचं असेल तर मिनीकॉम आहे, सी-केरमिट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मशीन ३२-बिट असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्याच्यासाठी इन्स्टॉलर नाही, तिथं डेबियन १२ किंवा एखादं छोटं लिनक्स घ्यावं लागतं. आणि यातलं काहीही घेताना त्या प्रोग्रॅमच्या मूळ घरूनच घ्या. नेट असलेल्या मशीनवर उतरवा, तपासा, सीडीवर लिहा आणि मग जुन्या पीसीवर न्या.

टाकलं, पण चालतंय का, हे तपासायचा सोपा उपाय आहे. पोर्टच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका तारेने जोडा, फ्लो कंट्रोल आणि लोकल इको बंद ठेवा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर परत आलं तर पोर्ट आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठीक. तार काढल्यावर यायचं थांबलं पाहिजे. मग बोर्ड जोडा. दोन पीसी एकमेकांना जोडायचे असतील तर २ आणि ३ उलटसुलट करा आणि ५ नंबरला ५ नंबर. आणि एक सावधगिरी: आरएस-२३२ च्या तारेवर धन-ऋण ३ ते १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. ३.३ व्होल्टवर चालणारं ईएसपी ३२ त्याला थेट लावाल तर ते गेलंच म्हणून समजा. मध्ये मॅक्स २३२ च्या जातीची, त्या व्होल्टेजला चालणारी चिप हवीच.

मराठी विभागात लिहितोय, तर एक प्रश्न विचारायलाच हवा. टर्मिनलला मराठी येतं का? पाश्चात्त्य टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींचा कागद, एका घरात एक अक्षर. आपली वेलांटी आणि जोडाक्षरं त्या घरात बसत नाहीत. पण हा प्रश्न आपल्या पुण्यात फार पूर्वी हाताळला गेलाय. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम मोहन तांबे यांनी पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढवलं. पीसीत एक कार्ड घातलं की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची, आणि युनिक्ससाठी जिस्ट टर्मिनलही होते. इस्की हे भारतीय लिपींचं मानक १९९१ मध्ये आलं, त्यामागेही हेच काम होतं. आज युनिकोड सगळीकडे आहे, तरी कित्येक टर्मिनल इम्युलेटरमध्ये 'क्ष' आणि 'र्य' अजून तुटतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी इथं लक्ष घालावं. हे काम जपानचा किंवा अमेरिकेचा माणूस आपल्यासाठी करणार नाही.

आता विरोधी बाजू. विजेचं बिल वाढेल, असं ऑफिसवाले म्हणतील. मुद्दा बरोबर आहे. जुना पीसी आणि काचेचा मॉनिटर मिळून दीडशे वॅट सहज खातात, म्हणजे चार तासांना जवळपास ०.६ युनिट. म्हणून चाळीस नकोत, चारच ठेवा, आणि कामापुरते चालू करा. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तोही खरा. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, असलं मशीन इंटरनेटला लावणं म्हणजे खोलीला कुलूप न लावता गावी जाणं. तेव्हा विंडोजवाली जुनी मशीनं फक्त सिरियलसाठी वापरा, नेटची वायर काढून ठेवा. जुन्या एसएसएच प्रोग्रॅमचं नव्या सर्व्हरशी जुळतही नाही, कारण जुन्या सांकेतिक पद्धती सर्व्हरने केव्हाच बंद केल्यात. आणि टेलनेटमध्ये तर पासवर्डही उघडा जातो. लॅबच्या सर्व्हरवर जायचं असेल तर अपडेट मिळणारं लिनक्स टाकलेला पीसीच वापरा. तिसरा आक्षेप, "रास्पबेरी पाय घ्या की!" जरूर घ्या, पण तो विकत घ्यावा लागतो, आणि त्याला मॉनिटर-कीबोर्ड लागतोच. इथं तर सगळं आधीच आपल्या मालकीचं आहे.

खरं सांगायचं तर मुद्दा पैशाचाही आहे आणि त्याहून जास्त धीराचा. हॉस्टेलवर प्रत्येकाकडे लॅपटॉप नाही. गावाकडून आलेला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेला पोरगा लॅबमधल्या नव्या मशीनला हात लावताना बिचकतो. "काही बिघडलं तर?" हा प्रश्न त्याच्या मनात कायम असतो, आणि लॅबच्या मामांच्या मनातही. जुन्या पीसीपाशी ही भीती नसते. तो उघडा, पुन्हा जोडा, फॉरमॅट करा, चुकीची सेटिंग करून बघा. बिघडला तर शेजारी दुसरा आहे. इंजिनिअर व्हायला अशी एक जागा लागते, जिथं बिघडवायची परवानगी असते. आपण ती जागाच दर दोन वर्षांनी टेम्पोत घालून पाठवतो.

म्हणून विभागप्रमुख सरांना, मॅडमना आणि रेक्टर सरांना विनंती आहे. पुढची निर्लेखनाची यादी करताना आधी प्रत्येक पीसीच्या मागं सिरियल पोर्ट आहे का ते बघावं, आणि असलेल्यांपैकी चांगले चार राखून ठेवावेत. दोन विभागाच्या लॅबमध्ये, दोन हॉस्टेलच्या स्टडी रूममध्ये, असं 'टर्मिनल टेबल' करावं. त्याच्याजवळ एक वही ठेवावी: कुठल्या बोर्डाला कुठला वेग, कुठली केबल, कुठल्या प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती. तपासलेल्या सॉफ्टवेअरची एक सीडी लॅबमध्ये असावी, म्हणजे पेनड्राइव्हची वरात बंद होईल. उरलेली मशीनं मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नकोत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यांप्रमाणे ती नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवीत.

आणि पोरा-पोरींनो, आपलंही काम आहे. टेबल मिळालं तर त्यावर धूळ साचू देऊ नका. येत्या हंगामात गावाकडे जाल तेव्हा डेअरीवरच्या दादांना विचारून, त्यांचं काम न अडवता, त्या केबलमधून काय येतं ते बघा. वहीत लिहा. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोराला ती वही नुसत्या नोट्सपेक्षा जास्त कामाला येईल.